श्रीखंडात फळ घालताना

(दुग्धव्यवसायाच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



श्रीखंडाच्या बाबतीत आपल्याकडे दोन तट आहेत. काहींना वेलची-जायफळाचे साधे श्रीखंड तेवढेच खरे वाटते, तर काही घरांतील मुले आम्रखंडाशिवाय पुरीला हात लावत नाहीत. मी पहिल्या तटातला. परंतु विकायला बसणाऱ्याने स्वतःची आवड घरी ठेवून यावे. परदेशातही हा वाद आहेच. हॉलंडमध्ये लायडनचे चीज जिरे घालून करतात, इंग्लंडमध्ये वेन्स्लीडेल चीजमध्ये क्रॅनबेरीची आंबट फळे घालतात, आणि चीजमध्ये फळ कशाला, असे म्हणणारे तिथेही भेटतात.

आपण फळ घालायचे ते चांगल्या चक्क्यात. उन्हाळ्यात दही जास्त आंबले की त्यात रस आणि वाढीव साखर घालून वेळ मारून नेणारे मी पाहिले आहेत. पहिल्या घासाला आंबा लागतो, मागून आंबटपणा येतोच. पाडव्याला असा डबा नेलेले गिऱ्हाईक दसऱ्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहते. म्हणून दही वेळेवर फडक्यात बांधावे, पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि चक्का आधी नुसता चाखून पाहावा.

आंबा सर्वात सोपा. हापूस किंवा केशरचा रस गाळून मंद आचेवर आटवावा व पूर्ण गार झाल्यावर मिसळावा. कोमट रसाने श्रीखंड सैल पडते. एक किलो चक्क्याला पाव किलो आटवलेला रस घेऊन सुरुवात करावी. रसाच्या गोडीप्रमाणे साखर कमी करावी, हे बहुतेकजण विसरतात.

अननसाची गोष्ट वेगळी. कच्च्या अननसात दुधातील प्रथिने तोडणारे ब्रोमेलिन नावाचे विकर असते. कच्चे तुकडे घातलेले श्रीखंड काही वेळाने पातळ होते आणि कडू लागते. दोष दुधाला दिला जातो, पण कारण फळात असते. तुकडे साखरेत चांगले उकळून घेतले की हे विकर निकामी होते.

सीताफळाचे नेमके उलट. त्याचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तो न शिजवता घालावा लागतो. बिया काढताना हात आणि भांडी अगदी स्वच्छ हवीत. गर हवेने काळपट पडतो, तेव्हा काढल्याबरोबर गोठवावा किंवा लगेच वापरावा. सीताफळाचे श्रीखंड मागणीपुरतेच करावे व दोन दिवसांत संपवावे. न शिजवलेल्या फळाबरोबर किण्व येते, मग डबा फुगतो आणि दारूसारखा वास सुटतो. महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी पाणीदार व आंबट असते. ती साखरेत घट्ट शिजवूनच घ्यावी.

बाटलीतील अर्क आणि भडक रंग यांविषयी माझे मत चांगले नाही. आंबा स्वस्त असताना रस आटवून ठेवणे काही अवघड नाही.

आता गावात काय खपेल, हे कसे ओळखावे? सारख्या वाट्यांवर १, २, ३ असे आकडे घालावेत, नाव सांगू नये, आणि दहा-पंधरा जणांना चाखायला द्यावे. त्यांत म्हातारी माणसे आणि मुले दोन्ही असावीत. समोर बसून 'कसे झालंय?' असे विचारू नये, कारण तोंडावर कोणी वाईट म्हणत नाही. कोणती वाटी रिकामी झाली ते पाहावे. साधे श्रीखंड मात्र बंद करू नये, त्याचेही गिऱ्हाईक ठरलेले असते.

विक्रीसाठी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. नियमाप्रमाणे साध्या श्रीखंडाच्या घन पदार्थांत दुधाचा स्निग्धांश किमान ८.५ टक्के आणि फळांच्या श्रीखंडात ७ टक्के असावा लागतो. सवलत आहे ती एवढीच, तेव्हा फळ घातले म्हणून साय काढलेले दूध वापरता येणार नाही. डब्यावर तयार केल्याची तारीख घालावी आणि माल ५ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावा.