मनातून उतरलेली गाडी

आज आम्ही एका मोटारीबद्दल बोलणार आहोत. आमच्यातली कुणी ती घेणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै २०२५ मध्ये टेस्लाचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा तिथली गाडी ६० लाखांच्या आसपास होती. आपले गट पापड-मसाले घेऊन महालक्ष्मी सरसला ज्या मैदानावर गेले आहेत, तेही त्याच भागातलं.

विषय काढायचं कारण वेगळं आहे. आमच्या ग्रामसंघात सध्या इलेक्ट्रिक स्कूटर आणि रिक्षासाठी कर्जाचे अर्ज येताहेत. अमुकच कंपनीची का, असं विचारलं की उत्तर एकच, "ती लई चालतेय." चालणारी कंपनी लोकांच्या मनातून कशी उतरते, ते या गाजलेल्या गाडीवरून बघू या.

टेस्लानं कित्येक वर्षं जाहिरातींवर जवळपास काहीच खर्च केला नाही. गाडी खपवली ती आधी घेणाऱ्यांनी. शेजाऱ्याला बसवून फिरवून आणायचं, पेट्रोलचे किती वाचले ते सांगायचं. एकीची चटणी चाखून दुसरी मागायला येते, तसाच धंदा. २०२३ साली तिची मॉडेल वाय ही जगात सर्वांत जास्त खपलेली मोटार ठरली. नुसत्या इलेक्ट्रिकमध्ये नव्हे, पेट्रोल-डिझेल धरून सगळ्या गाड्यांत.

पण बिनसायला सुरुवातही त्याच वर्षी झाली, असं आम्हाला वाटतं. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं किमती एकदम उतरवल्या. अमेरिकेत मॉडेल वायचा एक प्रकार ६५,९९० डॉलरचा होता, तो ५२,९९० वर आला. १३ हजार डॉलरचा फरक, म्हणजे आपले दहा लाखांवर रुपये. नव्या गिऱ्हाइकाची चंगळ झाली. ज्यानं आदल्याच महिन्यात पूर्ण किंमत मोजली, त्याचं काय? चीनमध्ये अशा लोकांनी दुकानांत गर्दी करून जाब विचारला. आणि नवीच स्वस्त झाल्यावर जुनीला कोण विचारतो? हर्ट्झ ही गाड्या भाड्यानं देणारी मोठी अमेरिकन कंपनी. २०२१ मध्ये तिनं एक लाख टेस्ला घेणार म्हणून जाहीर केलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये तिनंच सांगितलं की २० हजार इलेक्ट्रिक गाड्या काढून टाकतोय, पेट्रोलच्या घेतोय. धडक बसली की दुरुस्ती महाग, आणि जुन्या गाडीचा भाव पडलेला.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी उरलेला माल निम्म्या किमतीत काढावा का, यावर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो. आम्ही नको म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देऊन गेलेली बाई शेवटच्या दिवशी पुन्हा चक्कर मारते, हे आम्ही पाहिलंय.

शब्दांचंही तसंच झालं. कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क २०१६ मध्ये म्हणाले, पुढच्या वर्षाअखेर गाडी अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यापर्यंत आपली आपण जाईल. २०१७ संपलं, गाडी तशी गेली नाही. या सोयीसाठी लोकांनी वेगळे हजारो डॉलर भरले होते. सायबरट्रक २०१९ मध्ये दाखवला तेव्हा किंमत ३९,९०० डॉलरपासून सांगितली. २०२३ च्या अखेरीला गाड्या द्यायला सुरुवात झाली तेव्हा जाहीर किंमत ६०,९९० पासून. वर मार्च २०२५ मध्ये ४६ हजारांवर सायबरट्रक परत बोलवावे लागले, कारण बाहेरची पट्टी सुटून पडण्याचा धोका होता. ती गोंदानं चिकटवलेली होती म्हणे!

मग मस्क राजकारणात उतरले. अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचारात, नंतर सरकारी कामात. जर्मनीत निवडणुकीच्या तोंडावर एका पक्षाची उघड बाजू. दुकानांसमोर निदर्शनं झाली. बरेच जण हेच एक कारण सांगतात. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. लोक आधीच दुखावलेले होते, त्यांना निमित्त मिळालं. पण एक गोष्ट खरी. काही मालकांनी गाडीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, की हा माणूस असा वागायच्या आधी आम्ही ही घेतली होती. जो माणूस शेजाऱ्याला कौतुकानं फिरवून आणायचा, तोच आता गाडी का घेतली याचा खुलासा देत होता. जाहिरात करणाराच गप्प झाला.

तोवर चीनची बीवायडी कमी किमतीत नवनवी मॉडेलं घेऊन उभी होती. टेस्लाच्या २०२३ मध्ये १८ लाख ८ हजार गाड्या गेल्या, २०२४ मध्ये १७ लाख ८९ हजार, २०२५ मध्ये सुमारे १६ लाख ३६ हजार. त्या वर्षी बीवायडीच्या बॅटरीवरच्या गाड्या २२ लाखांच्या वर गेल्या.

टेस्ला बुडाली नाही, बुडेल असंही आम्ही म्हणत नाही. तिच्याकडे पैसा आहे. आमच्या अर्जदार मैत्रिणींकडे हप्ते आहेत, तेही तीन-तीन वर्षांचे. म्हणून त्यांना सांगितलंय, त्याच कंपनीची गाडी दोन वर्षं वापरलेल्या दोघींना भेटून या. सुटा भाग तालुक्याला मिळतो की जिल्ह्याला जावं लागतं, बॅटरी बदलायला किती लागतील, आज विकायला काढली तर किती येतील, हे विचारा. पुन्हा हीच घ्याल का, हेही विचारा, आणि उत्तर द्यायला किती वेळ लावतात ते बघा. सगळं वहीत लिहून आणा. मंगळवारच्या बैठकीत अर्ज त्या वहीसकट वाचायचे आहेत.