आर्देशीर इराणी : ‘आलम आरा’च्या अलीकडे आणि पलीकडे



हिंदी चित्रपटाच्या इतिहासात आर्देशीर इराणी (1886–1969) यांचे नाव ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलक्या चित्रपटाशी इतके जखडले गेले आहे, की त्याआधीची आणि त्यानंतरची त्यांची कारकीर्द अभ्यासकांच्या नजरेआड राहते. वास्तविक त्यांचे कर्तृत्व पहिलेपणापेक्षा, पडद्यावर आवाज आल्यानंतर दिग्दर्शकाचे काम कसे पालटते हे त्यांनी काम करता करताच शोधून काढले, यात अधिक आहे.

पुण्यात जन्मलेले इराणी दिग्दर्शनाकडे वळले ते चित्रपटगृह आणि वितरण यांच्या व्यवसायातून. युनिव्हर्सल या अमेरिकी कंपनीचे प्रतिनिधी म्हणून आणि मुंबईच्या अलेक्झांड्रा थिएटरचे भागीदार म्हणून प्रेक्षक कशाला तिकीट काढतो याचे भान त्यांना पुष्कळ आधी आले होते. 1926मध्ये त्यांनी उभारलेल्या इम्पीरियल फिल्म कंपनीच्या मूकपटांत हे व्यापारी भान सतत दिसते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

‘शो बोट’ हा अमेरिकी चित्रपट पाहून त्यांनी बोलपटाचा, म्हणजे संवाद व गाणी ध्वनिमुद्रित असलेल्या चित्रपटाचा, ध्यास घेतला आणि ‘आलम आरा’च्या कथेसाठी जोसेफ डेव्हिड यांचे पारशी रंगभूमीवरील नाटक निवडले. ध्वनिमुद्रणासाठी वापरलेल्या टॅनार यंत्रपद्धतीत चित्र आणि आवाज एकाच फितीवर, एकाच वेळी नोंदले जात, त्यामुळे चुकलेला उच्चार नंतर स्वतंत्रपणे दुरुस्त करण्याची सोय नव्हती. स्टुडिओलगत रेल्वेची वाहतूक असल्याने चित्रीकरण बहुधा रात्री, गाड्या थांबल्यावर होई; पार्श्वगायन अजून यायचे असल्याने नटच गात आणि वादक चौकटीबाहेर दडून साथ करीत. मायक्रोफोन कोठे लपवायचा यावर नटाने कोठे उभे राहायचे हे ठरत असेल, तर दृश्याची रचना प्रथम कानाने करावी लागते, आणि इराणी यांनी नेमके तेच केले.

नटांची निवडही याच कसोटीने झाली. मूकपटांतील लोकप्रिय नटी सुलोचना (रूबी मायर्स) हिची हिंदुस्तानी कच्ची असल्याने नायिकेची भूमिका झुबेदाकडे गेली, तर मराठी रंगभूमीवरून आलेले मास्टर विठ्ठल यांच्या उच्चारांची अडचण ओळखून त्यांच्या वाट्याला फारसे संवाद ठेवले नाहीत, असे सांगितले जाते. विठ्ठल यांच्यावर आधीच्या कंपनीने करारभंगाचा दावा लावला, तेव्हा बॅरिस्टर जीना यांनी त्यांची बाजू लढवली; नट ही आता न्यायालयापर्यंत जाण्याजोगी मालमत्ता ठरली होती, हे त्यावरून कळते.

14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. त्यात सात गाणी होती. हिंदी चित्रपटातील गाण्यांचे प्राबल्य येथून सुरू झाले असे म्हणताना ती परंपरा मुळात पारशी रंगभूमीची होती, हे विसरले जाते.

त्यानंतरची वाटचाल अधिक लक्षणीय आहे. ‘आलम आरा’च्याच वर्षी इम्पीरियलने एच. एम. रेड्डी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कालिदास’ काढला, ज्यात तमिळ संवादांबरोबर तेलुगू गाणी होती. 1933मध्ये अब्दुलहुसेन सेपंता यांच्या सहकार्याने फारसी भाषेतील पहिला बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ मुंबईतच तयार झाला. 1937चा ‘किसान कन्या’ हा भारतातच प्रक्रिया केलेला पहिला रंगीत चित्रपट; त्याचे दिग्दर्शन मोती गिडवानी यांचे, निर्मिती इराणी यांची. प्रत्येक वेळी धोका तंत्राचा होता, कथेचा क्वचितच, आणि हीच त्यांची मर्यादा म्हणावी लागेल.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, इराणी यांच्या जन्मगावी असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयालाही ती मिळालेली नाही. तेव्हा ज्या घरांत किंवा ग्रंथालयांत त्या काळातील गाण्यांच्या पुस्तिका, जाहिरातपत्रके वा छायाचित्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता संग्रहालयाच्या स्वाधीन करावीत, अशी विनंती आहे.