आधी गहू, मग पीठ

(रेडिओवरील भाषण)



माळ्यावरच्या एलपी खाली उतरवून कॉम्प्युटरवर घेण्याचा उद्योग सध्या बऱ्याच घरांत चालू आहे. चांगलीच गोष्ट आहे. टर्नटेबल कुठे जोडायचं, ऑडॅसिटी कसं चालवायचं, हे नातवंडांनी एव्हाना आजोबांना शिकवलेलं असणार, तेव्हा त्यात वेळ घालवायला नको. बोलायचं आहे ते पुढच्या पायरीबद्दल. रेकॉर्ड वाजून संपते, पडद्यावर आवाजाची रेघ उमटलेली असते, आणि त्याच रात्री माणूस खरखर काढायला बसतो. खरखर निघते. गाणं एमपी३ होऊन घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं, वाहवा होते, आणि मूळ फाइल ‘उगाच जागा खाते’ म्हणून पुसली जाते.

तक्रार आहे ती या शेवटच्या कामाबद्दल.

घरात वर्षाचा गहू भरतात, तो आठवावा. पोत्यात खडे असतात, कोंडा असतो. गहू आधी निवडतात, मग पाखडतात, आणि लागेल तेवढंच दळण गिरणीत जातं. वर्षाचा सगळा गहू पहिल्याच दिवशी दळून मोकळं होणारं घर कुणी पाहिलं आहे? रेकॉर्डवरून जशीच्या तशी उतरवलेली वेव्ह फाइल म्हणजे तो गहू, आणि एमपी३ म्हणजे पीठ. पोळ्या पिठाच्याच होतात, कबूल. पण पिठाचा परत गहू होत नाही.

आता खडे निवडण्याचं पाहू. ऑडॅसिटीत ती रेघ ताणून मोठी केली की रेकॉर्डची टिकटिक डोळ्यांना दिसते : सरळ उभी, बारीक, क्षणात संपणारी. सॉफ्टवेअर अशा उभ्या रेघा हुडकून काढून टाकतं. मग १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. संतुराच्या तारेवर कलम पडतं, त्या आघाताची रेघही अशीच ताठ उभी असते. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ही तसाच. काढणाऱ्याने उत्साहाच्या भरात जोर जरा वाढवला, की बासरी सुखरूप राहते आणि संतूर बोथट होतं. खड्याबरोबर दाणाही गेला, आणि गेल्याचं पहिल्या ऐकण्यात कळतही नाही, कारण सगळं लक्ष टिकटिक गेली याच आनंदात असतं.

पाखडणं याहून अवघड. सततची सूं-सूं काढायची तर सॉफ्टवेअरला नुसत्या खरखरीचा नमुना दाखवावा लागतो. पुष्कळजण ख्यालाच्या रेकॉर्डचे पहिले दोन-चार सेकंद निवडतात, गवयाने अजून तोंड उघडलेलं नसतं म्हणून. अहो, पण तिथे तानपुरा चालू असतो! तानपुरा हाच कचरा असं सांगितल्यावर सॉफ्टवेअर इमानेइतबारे सबंध बाजूभर त्याची जवारी झाडून काढतं. नमुना घ्यायचा तो सुई टेकल्यापासून गाणं सुरू होईपर्यंतच्या कोऱ्या खाचेतला. हे सहा महिन्यांनी उमगलं तरी हरकत नाही, गव्हाचं पोतं घरात असेल तर. नसेल तर त्या पिठाला कितीही चाळण्या लावा.

यावर काहीजण म्हणतात, रेकॉर्ड तर आहेच, पुन्हा वाजवू. ती असते का? कॉम्प्युटरवर घेतली म्हणून एव्हाना ती रद्दीवाल्याकडे रवाना झालेली असते.

जागेची सबबही तपासून पाहावी. चांगल्या दर्जाचं, म्हणजे २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झचं स्टिरिओ मुद्रण मिनिटाला साधारण ३५ मेगाबाइट घेतं. चाळीस मिनिटांची एलपी दीड गिगाबाइटच्या आतच राहते. एक टेराबाइटच्या, खिशात मावणाऱ्या डिस्कवर अशा सुमारे ७०० एलपी बसतात. आपल्याकडे कितीजणांकडे ७०० एलपी आहेत? आणि तेवढंही जड वाटलं तर फ्लॅक करून ठेवावं. त्यात फाइल जवळजवळ निम्मी होते, पण आतला एक दाणाही कमी होत नाही.

ज्यांचं हेच काम आहे ते काय करतात, तेही पाहण्यासारखं आहे. इंटरनेट आर्काइव्हच्या ‘ग्रेट ७८ प्रोजेक्ट’साठी अमेरिकेत जुन्या तबकड्या उतरवल्या गेल्या, तेव्हा एका तबकडीवर एकाच वेळी चार सुया फिरत होत्या, प्रत्येक वेगळ्या जाडीची. खाचेच्या वेगवेगळ्या खोलीवर झीज वेगवेगळी असते, म्हणून. तंत्रज्ञाने त्यांतली एक पसंत केली तरी बाकीची मुद्रणं ठेवून दिली. उद्या एखाद्याचे कान वेगळं काही ऐकतील, हा हिशेब.

कान खरोखरच वेगळं ऐकतात. पॅरिसच्या एदुआर-लेऑं स्कॉट द मार्टिनव्हिल याने १८६० साली काजळी धरलेल्या कागदावर एका फ्रेंच लोकगीताच्या ध्वनिलहरी ओढून घेतल्या होत्या. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या कागदाच्या प्रतिमेवरून आवाज काढला, तेव्हा तो बाईचा किंवा मुलीचा वाटला. वर्षभराने लक्षात आलं की तो दुप्पट वेगाने वाजवला जात होता. निम्म्या वेगाने लावल्यावर गाणारा पुरुष निघाला, बहुधा स्कॉट स्वतःच. मूळ प्रतिमा शाबूत होती म्हणून चूक सुधारता आली. पुन्हा सांगायला हवं : मूळ होतं म्हणून.

काचेपलीकडून दोन मिनिटांची खूण झाली आहे, तेव्हा उरलेलं भराभर.

माप शिगोशीग भरू नये. ध्वनिमुद्रण करताना सर्वांत मोठा आवाजही काठाच्या सहा डेसिबल खाली राहील असं पाहावं. काठावरून सांडलं ते परत भरता येत नाही, आणि मूळच फाटकं असेल तर ते जपून काय उपयोग? रेकॉर्ड आधी धुऊन घ्यावी. खाचेतली धूळ निघाली की पुढची निम्मी पाखडणी वाचते.

पोत्यावर चिठ्ठी हवीच. ‘ट्रॅक ०१’ नावाच्या फाइलीत कोण गात आहे हे आज घरात सगळ्यांना ठाऊक असतं, वीस वर्षांनी कुणालाच नसतं. लेबलाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाकावा, रेकॉर्डचा क्रमांक फाइलीच्या नावात घ्यावा. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी १९९१ पासून ‘द रेकॉर्ड न्यूज’मध्ये याद्या छापत आली, त्यांचा सगळा जीव या क्रमांकांत. राग, साथीदार, साल यांचा धागा तिथूनच लागतो.

७८च्या जुन्या तबकड्यांचं सगळंच निराळं. त्यांची खाच रुंद, म्हणून सुई जाड लागते, एलपीच्या तिप्पट. त्या लाखेच्या, त्यामुळे त्यांना स्पिरिट लावलं की लाख विरघळते. सुरुवातीच्या कित्येक तर ७८च्या वेगाने मुद्रित झालेल्याही नाहीत. वेग पाच-सहा टक्क्यांनी चुकला की काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये जातो, आणि मग त्याची खरी पट्टी कोणती यावर... वेळ संपली. ज्यांच्या घरी तशा तबकड्या आहेत त्यांनी तूर्त त्या एलपीच्या सुईखाली घालू नयेत. आणि एलपी उतरवून झालेल्यांनी आज घरी गेल्यावर रिसायकल बिन उघडून पाहावी, मूळ फाइल अजून तिथे असू शकेल.