धान्याच्या कपाटाचे परिमाण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर स्वयंपाकघरातील कपाट हा विषय काहीसा लहान वाटण्याचा संभव आहे. मंदिर, पाठशाळा, स्वाध्याय हे व्याख्यानाचे विषय; कपाट हा घराच्या आतला विषय. परंतु श्रावकाच्या आहाराचे नियम पाळले जाणार की मोडणार, याचा निर्णय बहुतेक वेळा ताटावर बसल्यानंतर होत नाही. तो त्याआधी कित्येक दिवस, कपाट भरताना झालेला असतो.

हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. नोकरी करणारे पती-पत्नी सव्वापाचला घरी पोहोचतात. कपाटात निवडलेली मुगाची डाळ, तांदूळ, तूप, जिरे आणि हिंग असेल, तर पाऊण तासात खिचडी होऊन दिवस असताच जेवण उरकते. डबा रिकामा असेल, तर कोणी दुकानाकडे धावतो, कोणी बाहेरचे जेवण मागवतो. तोपर्यंत अंधार पडलेला असतो आणि आलेल्या भाजीत कांदा-लसूण नाही याची खात्री कोणालाच देता येत नाही. नियम मोडावा असा घरातील एकाचाही हेतू नसतो. तो मोडतो रिकाम्या डब्यामुळे.

कोल्हापूर-सांगली भागातील जुन्या घरांत ही वेळ सहसा येत नसे. सुगी आटोपली की शाळू, गहू, तूर, हरभरा घरात येई. वैशाखाच्या उन्हात धान्य खडखडीत वाळवून कणगीत व कोठीत भरले जाई. तिखट, हळद, चिंच, मीठ यांची बेगमी आषाढापूर्वी पूर्ण होत असे, कारण चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य आणि पावसात बाजारही दूर. त्या काळी घरे मोठी, माणसे पुष्कळ आणि निवडण-टिपण करणारे हातही पुष्कळ होते. आज चार माणसांचे कुटुंब दोन खोल्यांत राहते. त्या घराने वर्षाचे धान्य भरण्याचा अट्टहास केला तर ते जागेअभावी व हवेअभावी बिघडते. काहीच न भरण्याचे ठरवले तर घर पाकिटांवर चालते. या दोन टोकांमधील मार्ग म्हणजे कपाटाचे तीन कप्पे करणे: एक वर्षाचा, एक महिन्याचा आणि एक आठवड्याचा.

वर्षाच्या कप्प्यात ज्यांना कीड सहसा लागत नाही असे किंवा हंगामातच चांगले मिळणारे जिन्नस ठेवावेत. मीठ, चिंच, आमसूल, गूळ, हळकुंडे, सुंठ आणि वाळलेली मिरची हे ते जिन्नस. चिंच व मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी येते, तेव्हाच घेऊन कडकडीत वाळवावी. मिरचीत ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटपणाला, असा मेळ या भागातील गृहिणींना परंपरेने ठाऊक आहे. ओले आले वर्ज्य असलेल्या घरात सुंठ ते काम करते. या भागातील बाजारचा तयार मसाला बहुधा कांदा-लसणाचाच असतो. म्हणून धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, लवंग, दालचिनी आख्खी ठेवून लागेल तसा मसाला घरी करणे हेच जैन स्वयंपाकघराला सोयीचे. आख्खा मसाला कित्येक महिने टिकतो. कुटलेल्या मसाल्याचा वास मात्र लवकर उडतो.

हिंगाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कांदा-लसूण नसलेल्या आमटीला रुचकर वास देतो तो हिंगच. कारण लसणाचा आणि हिंगाचा उग्र वास दोन्ही गंधकयुक्त द्रव्यांमुळेच येतो. हिंग हा एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक असून तो प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान येथून येतो. भारतात त्याची लागवड करण्याचा प्रयत्न पालमपूर येथील शासकीय संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात सुरू केला. पूर्वी हिंग चामड्याच्या पिशव्यांतून येत असे, म्हणून चर्मस्थ हिंग श्रावकाला निषिद्ध मानला गेला. आज तो डबीत मिळतो. तथापि डबीतील हिंग शुद्ध नसून त्यात मैदा किंवा कणीक आणि डिंक मिसळलेला असतो, हे डबीवरच लिहिलेले असते. ते वाचूनच घ्यावा.

वाचण्याची ही सवय प्रत्येक पाकिटाला लागू आहे. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. तो कंदमुळांविषयी काहीच सांगत नाही. शिवाय घटकांच्या यादीत ‘मसाल्याचे पदार्थ’ असा मोघम उल्लेख करण्याची कायद्याने मुभा आहे. ठिपका पाहून निर्धास्त होणे हे नियम पाळणाऱ्याला पुरेसे नाही.

महिन्याच्या कप्प्यात धान्य, डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, तेल, साखर येतात. चार माणसांच्या घराचा नमुन्यादाखल हिशेब असा: गहू १५ किलो, ज्वारी १० किलो, तांदूळ ८ किलो, तूरडाळ ३ किलो, मूगडाळ २ किलो, हरभराडाळ व उडीदडाळ प्रत्येकी १ किलो, मटकी, चवळी, कुळीथ, मूग मिळून ३ किलो, शेंगदाणे २ किलो, तेल ४ लिटर. धान्य दरडोई दररोज पावणेतीनशे ग्रॅम पडते. घरातील वृद्ध, मुले आणि कष्टाची माणसे पाहून हे प्रमाण कमीजास्त करावे. एवढ्या साहित्यात आमटी-भात, भाकरी-पिठले, उसळ, खिचडी, कुळथाचे पिठले, शेंगदाण्याची चटणी असे अनेक दिवसांचे जेवण ताज्या भाजीवाचूनही निघते. कांद्यामुळे रस्शाला जो दाटपणा येतो, तो दाण्याचे कूट, भाजलेले तीळ आणि सुके खोबरे यांनी येतो. बटाट्याची जागा कच्चे केळे घेते. मोड आणण्याविषयी प्रत्येक घराचा नियम वेगळा असेल. न आणता भिजवून शिजवलेली उसळही उत्तम होते.

महिन्याचाच साठा का, या प्रश्नाचे उत्तर अहिंसेत आहे. धान्याला सोंडे बाहेरूनच लागतात असे नाही. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि उष्ण-दमट हवेत सुमारे महिनाभरात दाण्यातूनच नवा किडा बाहेर पडतो. म्हणजे दुकानातून आणलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातही तो असू शकतो. पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांचे धान्य डब्यात राहिले की कीड वाढणार आणि मग गृहिणीपुढे दोनच वाटा उरणार: जीवहिंसा किंवा धान्याची नासाडी. मोजके, कोरडे धान्य आणून ते वेळेत संपवणे ही तिसरी वाट आहे आणि तीच श्रावकाची आहे. डाळ-तांदळाला एरंडेलाचा हलका हात लावणे, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे, डबा पूर्ण कोरडा करून मगच भरणे हे जुने उपाय आजही उपयुक्त आहेत. कीड झालीच, तर धान्य सावलीत हलक्या हाताने चाळावे आणि चाळण थोड्या धान्यासह आडोशाच्या जागी ठेवावी, ही जुन्या घरांची रीत विसरू नये. किडके धान्य रखरखीत उन्हात पसरणे म्हणजे त्या जीवांना भाजणेच होय.

येथे एका गंभीर गोष्टीचा इशारा देणे कर्तव्य ठरते. काही घरांत धान्याच्या पिंपात विषारी गोळ्या ठेवल्या जातात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांचा ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फीन हा वायू निघतो. बंद खोलीत तो माणसाचा प्राण घेतो आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात ही गोळी येताच कामा नये. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची प्रथाही सोडून द्यावी. ती पोटात जाण्याची वस्तू नव्हे. ज्या घरात पाणी गाळून घेतले जाते, त्या घरात धान्य विष घालून राखले जावे, ही विसंगती समाजाने उघड्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे.

आठवड्याचा कप्पा पिठाचा. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि हिवाळ्यात ७ दिवस सांगितली आहे. दाणा दळला की त्यातील स्निग्धांश हवेला उघडा पडतो आणि पीठ खवट होऊ लागते. बाजरीचे पीठ तर काही दिवसांतच कडू होते. शास्त्राची मर्यादा आणि अनुभव येथे एकाच दिशेने बोट दाखवतात. म्हणून कपाटात पिठाऐवजी धान्य असावे. घरघंटी असलेल्या घराला हे सोपे आहे. नसलेल्या घराने गिरणीवर पाच-पाच किलोऐवजी दोन-दोन किलो दळण न्यावे. डाळीचे पीठ, दाण्याचे कूट, भाजलेला रवा हेही याच कप्प्यातले. मर्यादा काटेकोर पाळणाऱ्या घरात लोणचेही ताजेच घातले जाते.

कापडाच्या व्यापारात जो तागा मागे ढकलला जातो, तो मागेच राहतो आणि दिवाळीच्या मोजदादीत कसर लागलेला सापडतो. म्हणून जाणता व्यापारी आधी आलेला माल आधी विकतो. कपाटाचाही नियम हाच. नवे धान्य जुन्यावर ओतू नये. डब्यावर खरेदीचा महिना लिहावा. दाराच्या आतल्या बाजूस यादी लावून जिन्नस संपण्याआधी आठ दिवस खूण करावी. महिन्यातून एकदा सर्व डबे खाली काढून पाहावेत. हे काम एकट्या सुनेचे किंवा सासूबाईंचे नाही. दुकानाच्या मालाची पै-पैची नोंद ठेवणाऱ्या पुरुषाला घरातील तूरडाळ किती उरली हे माहीत नसावे, यात भूषण काही नाही. मुलांनीही डाळी ओळखाव्यात, निवडाव्यात. पुढे शिक्षणासाठी पुण्यात किंवा परदेशात एकटे राहताना हेच ज्ञान त्यांचा नियम सांभाळते.

साठ्याला जागा आणि सीमा दोन्ही लागतात, हे कृष्णा-पंचगंगेने या भागाला वारंवार दाखवले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या घरांतील जमिनीलगतचे धान्य पाण्यात गेले. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची प्रसिद्ध पेवेही २००५ च्या पुरात मोठ्या प्रमाणावर निकामी झाली. नदीकाठच्या घराने तरी कपाट उंचावरच करावे. याउलट २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली, तेव्हा महिन्याचा साठा असलेली घरे शांत राहिली. ज्यांनी घाबरून पोतीच्या पोती भरली, त्यांनी शेजाऱ्याच्या वाट्याचे धान्य आपल्या घरात अडवले आणि त्यातील पुष्कळसे पुढच्या पावसाळ्यात किडले.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना धन-धान्याच्या प्रमाणाचे उल्लंघनही सांगितले आहे. जमीन, सोने यांच्या बरोबरीने धान्याचा उल्लेख व्हावा, हे विचार करण्यासारखे आहे. परिग्रह तिजोरीत असतो तसा डब्यातही असतो. गरजेपुरते भरलेले कपाट हा परिग्रह नव्हे. ते घराचा संयम सांभाळणारे साधन आहे. ते योग्य मापाने भरलेले असले, म्हणजे अवेळी दाराशी आलेल्या अतिथीसाठी मूठभर तांदूळ सहज निघतात आणि आहारदानाची संधी हुकत नाही.

येत्या चातुर्मासापूर्वी प्रत्येक घराने एकदा आपले कपाट रिकामे करावे, जुने वेगळे काढावे, खाण्यायोग्य असेल ते गरजूंना द्यावे आणि मग तीन कप्प्यांनी, मोजून, पुन्हा भरावे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात एवढा एक संकल्प घराघरांत झाला, तरी हा विषय लहान नव्हता असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.