कानांनी उडवायचे विमान

संगणकावर लढाऊ विमाने उडवण्याचे जे खेळ असतात, त्यांना 'फ्लाइट सिम्युलेटर' म्हणतात. नुसता 'खेळ' म्हटलेले ते खेळणाऱ्यांना रुचत नाही. पंखांची लांबी, रंगाची छटा, घड्याळांचे काटे, सगळे त्यांना अस्सल हवे असते. आणि सगळे जमून आले तरी एका गोष्टीवरून हमखास वाद होतो. ती म्हणजे इंजिनाचा आवाज. 'हा आवाज खरा वाटत नाही,' असे कोणीतरी म्हणतोच. श्रोतेहो, रेडिओ ऐकणाऱ्याला हा प्रश्न परका नाही. डोळ्यांना काही दिसत नसताना कानांवर विश्वास ठेवणे हे आपले रोजचेच काम. म्हणून या 'खऱ्या' आवाजाबद्दल थोडे बोलू या.

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे 'स्पिटफायर' घ्या. त्याचे 'मर्लिन' इंजिन बारा सिलिंडरचे, सत्तावीस लिटरचे. मिनिटाला ३००० फेरे घेताना त्यात सेकंदाला ३०० स्फोट होतात. एवढे स्फोट कान मोजू शकत नाही. तो त्यांचा एक सूर करून टाकतो. त्यात पंख्याच्या पात्यांचा हवा कापण्याचा आवाज मिसळतो, हवा दाबून आत ढकलणाऱ्या सुपरचार्जरची शीळ मिसळते. तबला, तानपुरा आणि बासरी एकाच डब्यात कोंडावी, तसा हा प्रकार.

तो संगणकात आणायचा कसा? सोपी रीत अशी की, इंजिनाचे दोन-चार वेगांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे, त्यांचे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवायचे आणि मधल्या वेगांसाठी ते ताणायचे किंवा आवळायचे. पण टेप जोरात फिरवली की गायकाचा गळा जसा चिरका होतो, तसे इंजिनाचेही होते. तुकड्याचा सांधा कानाला एकदा कळला की मग तोच ऐकू येत राहतो.

दुसरी चूक अधिक बारीक आहे. मोटरसायकलची मूठ पिळली की आवाज चढतो, म्हणून विमानाचाही चढेल असे आपण धरून चालतो. पण त्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांच्या पंख्यांची पाती स्वतःच्या जागी वळत आणि फेऱ्यांची संख्या कायम राखत. वैमानिकाने जोर वाढवला की आवाज भरदार होई, खरखरीत होई. पट्टी मात्र तीच राही. खेळात पट्टी चढली, तर जाणकार म्हणणारच, की हे विमान नव्हे, ही स्कूटर आहे.

वैमानिकाला हा आवाज गाणे म्हणून नको असतो, बातमी म्हणून हवा असतो. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायरचे नाक एकदम खाली दाबले, की कार्ब्युरेटरमुळे इंजिन खोकत असे आणि क्षणभर बंद पडे. जर्मन 'मेसरश्मिट'मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई, म्हणून ते तसेच सूर मारून निसटे. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने भोकाची एक साधी चकती बसवून या दुखण्यावर बराचसा उतारा काढला. खोलीत खुर्चीवर बसलेल्या खेळाडूला ना धक्के बसतात, ना पोटात गोळा येतो. त्याच्यासाठी तो खोकलाच शरीराचे काम करतो. असा आवाज खरा.

पण 'खरा' कोणी ठरवायचा? मेसरश्मिट उडताना आज किती जणांनी ऐकले आहे? आपल्या कानांची शाळा म्हणजे सिनेमा. १९६९ च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या चित्रपटासाठी जी मेसरश्मिट विमाने उडवली, ती स्पेनमध्ये बनलेली होती आणि त्यांच्या नाकात होते ब्रिटिश मर्लिन इंजिन! जर्मन 'स्टुका' विमानाच्या पायांवर लोकांना घाबरवण्यासाठी मुद्दाम भोंगे बसवले होते. ती किंकाळी पुढे सिनेमावाल्यांनी कोसळणाऱ्या कुठल्याही विमानाला लावली. आता ती नसली, तरच प्रेक्षकाला चुकल्यासारखे वाटते.

आणखी एक प्रश्न : ऐकणारा आहे कुठे? कॉकपिटमधल्या माणसाच्या डोक्यावर कातडी टोपी, कानांवर इअरफोन आणि समोर स्वतःचे गरजणारे इंजिन. मागून येणारा शत्रू त्याला ऐकू येत नसे. म्हणून ते वैमानिक सारखी मान वळवत, आणि मान सोलवटू नये म्हणून रेशमी रुमाल बांधत. ज्या खेळात पाठीवरचा शत्रू स्पष्ट ऐकू येतो, तो खेळ खेळाडूवर दया करतो.

जमिनीवरच्या माणसाचे ऐकणे निराळे. आवाजाच्या एक तृतीयांश वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ४०० किलोमीटरने, विमान डोक्यावरून गेले, तर येतानाच्या आणि जातानाच्या सुरांत एका सप्तकाचे अंतर पडते. तार षड्ज पाहता पाहता मध्य षड्जावर उतरतो. शिवाय आवाज उशिरा पोहोचतो. साडेतीन किलोमीटरवरच्या विमानाचा दहा सेकंदांनी. पुण्यात लोहगावच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आवाजाच्या दिशेने पाहावे, तर सुखोई केव्हाच पुढे गेलेले असते.

जमिनीवरून ऐकलेला असा एक आवाज रेडिओच्याच इतिहासात जपलेला आहे. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या एका बागेतून बीबीसी १९२४ पासून दरवर्षी नाइटिंगेल पक्ष्याचे गाणे थेट ऐकवत असे. फारसी-उर्दू शायरीतला बुलबुल तो हाच. आपल्या अंगणातला वेगळा. १९ मे १९४२ च्या रात्री पक्षी गात असताना दुरून घरघर येऊ लागली. जर्मनीतल्या मानहाइमवर बाँब टाकायला १९७ विमाने निघाली होती. शत्रूने रेडिओ ऐकला, तर त्याला आधीच सुगावा लागेल, हे तंत्रज्ञाच्या ध्यानात आले आणि प्रसारण थांबवले गेले. ध्वनिमुद्रण मात्र चालू राहिले.

ते आजही ऐकता येते. घरघर वाढते, बाग भरून टाकते आणि ओसरते. पक्षी गातच राहतो. त्यातली ११ विमाने त्या रात्री परतली नाहीत. कितीही कान लावला, तरी त्या घरघरीतून ती ११ वेगळी काढता येत नाहीत. आणि ती ज्या शहराकडे निघाली होती, तिथली माणसे त्या मुद्रणात कुठेच नाहीत. सिम्युलेटर करणाऱ्यांनी मर्लिनची शीळ जरूर अचूक आणावी. ती मेहनत मला मोलाची वाटते. फक्त हेडफोन लावून बसलेल्या आपल्या मुलाला एकदा हे ध्वनिमुद्रणही ऐकवावे. त्याच आवाजाखाली कोणीतरी उभे होते, हे त्याला कळू द्यावे.