सांगायचं, पण कोणापुढं?



हिंदूंमध्ये तेरवी, आमच्यात चाळिसावा. शोक किती दिवस करायचा हे समाजानं ठरवून ठेवलं आहे. त्यानंतर माणसानं कामाला लागावं, अशी अपेक्षा. बहुतेक जण हळूहळू लागतातही. काहींच्या डोळ्यांपुढून मात्र तो प्रसंग हलत नाही. झोप उडते, भांडं पडलं तरी छाती धडधडते, त्या जागेकडे पाय वळत नाहीत. हे महिन्याहून अधिक टिकलं आणि रोजच्या जगण्याआड आलं, तर डॉक्टर त्याला आघातोत्तर तणावविकार म्हणतात. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी या नावाची नोंद केली.

आपल्या यवतमाळात युद्ध झालं नाही. पण २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, कितीतरी जण दगावले. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ बळींचा ठपका असलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला मारली जाईपर्यंत लोक जीव मुठीत धरून वावरात जात होते. आणि आत्महत्या तर आहेतच.

या आघातांतून उठण्याच्या वाटाही वेगळ्या. जंगलाच्या कडेचं वावर कसणाऱ्यानं आधी चौघांसोबत धुऱ्यापर्यंत जावं, मग आत. एकट्यानं जायचं ते सगळ्यात शेवटी. उपचारातही भीतीच्या जागेकडे असंच पायरी-पायरीनं नेतात. फवारणीवाल्याला मात्र ‘भिऊ नको’ म्हणून पुन्हा पंप पाठीवर देणं हा उपचार नव्हे. त्याची भीती खरी आहे. आधी मास्क, हातमोजे द्या, शरीराची तपासणी करा. मनाचं मग बघू.

आत्महत्येमागं उरलेल्या बाईचं सगळ्यांत अवघड. तिला आधी पोलिसांना सांगावं लागतं, मग तलाठ्याला, मग सावकाराला, बँकेला, मधेच एखाद्या पत्रकाराला. २००६ च्या निर्णयानुसार मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी समिती ठरवते, प्रकरण पात्र की अपात्र. सातबारा नवऱ्याच्या किंवा घरातल्या कोणाच्याच नावावर नसेल तर अपात्र. नवरा गेला हे खरं, पण तो नियमात बसून गेला का, हे तिनं सिद्ध करायचं. असं दहा वेळा सांगितल्यानं मन हलकं होत नाही. दर वेळी ती त्याच दारात उभी राहते, जिथून तिनं त्याला पाहिलं होतं.

मानसशास्त्रही आता हेच सांगतं. आघातानंतर लगेच माणसाला एका बैठकीत सगळं ओकायला लावण्याचा फायदा दिसत नाही. कधी त्रासच वाढतो. उपयोगी ठरतं ते तिच्या मर्जीनं, तिच्या गतीनं, शिकलेल्या आणि विश्वासाच्या माणसापुढं बोलणं. काहींना औषधही लागतं, त्यात लाज कसली?

श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक शेतकऱ्यांच्या विधवांनीच रंगवलं. त्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. आम्हा कवींना त्या मंचाचं फार अप्रूप! पण मला त्यात दिसलं ते इतकंच, की इथं कागद मागणारं कोणी समोर नव्हतं. काय सांगायचं, किती सांगायचं हे बाईच्या हाती होतं. नाटक हा उपचार नव्हे, आणि प्रत्येकीनं मंचावर यावं असंही नाही. एखादीला गप्प राहायचं असेल तर तोही तिचा हक्क.

शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. तो तिच्या घरी भिंतीवर लिहून द्या. आणि शेजारी म्हणून गेलात तर ‘कसं झालं हो?’ हे विचारू नका. तिच्या वावरातलं निंदण राहिलं असेल, पोराची फी राहिली असेल, ते विचारा.