वाचवलं म्हणजे नेमकं काय केलं?

आज जरा स्वतःचीच चूक सांगायला बसलोय. लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल तर निवांत ऐका, फार वेळ घेणार नाही.

मी उंबरमाळीचा. कसाऱ्याच्या अलीकडचं छोटं स्टेशन. सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. मार्च महिना. राबासाठी टहाळ तोडायला आजोबांबरोबर गेलो होतो. करवंदीच्या जाळीतून बारीक आवाज आला. वाकून बघतो तर रानमांजराचं पिल्लू! डोळे नुकतेच उघडलेले.

आजोबा म्हणाले, "पोरा, राहू दे तिथंच. आई येईल त्याची."

ते पुढे गेले आणि मी पिल्लू शर्टात लपवून घरी आणलं. वर्गात छाती काढून सांगितलं, मी पिल्लू वाचवलं!

गाईचं दूध पाजलं, त्याला जुलाब झाले. तरी कसंबसं जगलं. चार महिन्यांत माझ्या मागेमागे फिरायला लागलं. कुत्रा दिसला तरी पळायचं नाही. समोरून उंदीर गेला की माझ्या तोंडाकडे बघायचं. शिकार कशी करायची हे त्याला शिकवणार कोण? मी?

शेवटी वडिलांनी वनखात्याला कळवलं. आलेले वनरक्षक काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता हे ना घरचं, ना रानचं." पुढे कळलं, ते पिंजऱ्यातच राहिलं, शेवटपर्यंत.

आमच्या कामात कोड बिघडला तर मागच्या व्हर्जनवर जाता येतं. इथे ती सोय नव्हती.

आता दुसरी बाजू ऐका. 'आजोबा' नावाचा बिबट्या आठवतो? २०१४ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला होता. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ तो विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या टीमने गळ्यात जीपीएस कॉलर बसवली आणि माळशेज घाटात सोडून दिलं. म्हणजे आपल्या मुरबाडच्या उशालाच! तिथून हा गडी कसारा स्टेशनजवळून, हायवे ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पोचला. वाटेत एवढी गावं, एवढी माणसं, पण त्याने कुणाला त्रास दिला नाही. कारण तो रानात वाढलेला होता. पोट कसं भरायचं आणि माणसाला कसं टाळायचं, दोन्ही त्याला येत होतं. माझ्या पिल्लाला यातलं काहीच येत नव्हतं.

माळशेज चढून पलीकडे गेलात की जुन्नरजवळ माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आहे. वनखात्याबरोबर वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तिथे काम करते. तिथले बरेच बिबटे आता रानात परत जाऊ शकत नाहीत. कुणी जखमेने अधू झालाय, कुणी पिल्लू असतानाच आईपासून तुटलाय.

अशा जनावराची काळजी म्हणजे कुरवाळणं नाही हां. रोज मोजून मांस द्यायचं. त्याला बाजूच्या भागात घेऊन, मधलं दार बंद करून मगच पिंजरा धुवायचा. औषधं, तपासण्या. कंटाळून एकाच रेषेत येरझाऱ्या घालू नये म्हणून चढायला ओंडके, बसायला मचाण, माणसांच्या नजरेआड लपायला जागा. आणि हे किती दिवस? पिंजऱ्यातला बिबट्या पंधरा-वीस वर्षंही जगतो. सणवार, लग्नं, पाऊस, काही असो, कुणीतरी रोज ते दार उघडायचं आणि लावायचं.

म्हणूनच तिथली माणसं आधी वेगळाच प्रयत्न करतात. जुन्नर भागात ऊसतोडणीत बिबट्याची पिल्लं सापडतात. डॉक्टर पिल्लू तपासतात. ठणठणीत असेल तर संध्याकाळी जिथे सापडलं तिथेच पेटीत ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. रात्री आई येते, पेटी उलथते आणि पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. अशी कितीतरी पिल्लं परत गेलीयत. त्यासाठी माणसांनी काय करायचं असतं? लांब जायचं असतं.

तेव्हा कापणीत, गवतात, जाळीत पिल्लू दिसलं तर रीळ बनवू नका, उचलू नका, दूध पाजू नका. जागा लक्षात ठेवा, माणसं आणि कुत्री लांब करा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. आणि जे परतच जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी काही करावंसं वाटलं तर बोरिवलीच्या पार्कात प्राणी दत्तक योजना आहे. प्राणी तिथेच राहतो, आपण फक्त त्याचा वर्षाचा खर्च उचलायचा.

आजोबा आता नाहीत. ते पिल्लू कुठून आलं हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांना कळलं नसेल असं काही नाही. घरी आल्यावर त्यांनी पिल्लू बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ओटीवर जाऊन बसले.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात असं काही घडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!